ताईचा आवाज

दोघी बहिणी. थोरली गायची, धाकटी पियानोवर तिला साथ करायची. टाळ्या पडायच्या त्या थोरलीला, पण धाकटीला त्याचं कधी काही वाटलं नाही. एखाद्या दिवशी ताईचा घसा धरला असला, तर कुणाला पत्ता लागू न देता ती अख्खं गाणं खालच्या पट्टीत वाजवायची. घरी येताना ताई म्हणायची, "आज वाचवलंस गं, छोटे!"

मग ताई लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली. छोटीनं इतरांना साथ करून पाहिली, पण मन रमेना. एक गायक तर तोंडावरच म्हणाला, "बाई, तुम्ही मधेच कुणासाठी थांबता?" ती ओशाळली. ताई जिथे श्वास घ्यायची, तिथे तिचे हात आपसूक थबकत होते.

तिनं घरीच शिकवण्या सुरू केल्या. पुढच्या खोलीत पियानो, खिडकीपाशी वाट बघणाऱ्या आयांसाठी दोन खुर्च्या. "अरे, हळू! त्या पट्ट्यांनी तुझं काय घोडं मारलंय?" असं ओरडत ती पोरांची बोटं वळवायची. त्या पोरांची पोरं शिकायला येऊ लागली. फोनवर ताई गुडघ्यांबद्दल, सुनेबद्दल बोलायची; गाण्याबद्दल चकार शब्द नाही. छोटीची विचारायला जीभ रेटत नसे.

शेवटी एकदा ताई राहायला आली. छोटीनं पियानो आधीच सुरात लावून घेतला होता. चहा झाल्यावर तिनं ताईच्या आवडत्या गाण्याची सुरुवात वाजवली आणि वाट बघितली.

ताई खिडकीबाहेर बघत होती. "गळ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून गाता येत नाही गं. तुला सांगायचा धीर झाला नाही."

छोटीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताई उठली, तिला जरा सरकवून बाकावर टेकली. "मला शिकव. तिकडे नुसती बसून असते."

ताईची बोटं भलतीच अडेलतट्टू. छोटी वैतागायची, ताई खो-खो हसायची, पण रोज बसायची.

आता ताई तिच्या घरून फोनवर, नातवाच्या खेळण्यातल्या पियानोवर अडखळत धडे वाजवून दाखवते. छोटी चुका सांगते, शाबासकीही देते. धडा संपला तरी फोन ठेवू देत नाही. भाजी काय केलीस, पाऊस आहे का, गुडघा कसाय, काहीबाही विचारत राहते. ताई बोलते, आणि तो जुना आवाज एखाद्या शब्दात क्षणभर ऐकू आल्यासारखा वाटतो.