एका पांढऱ्या बटणाच्या सहा आया

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सात बायकांनी भागीदारीत काढलेली लाँड्री आहे. मालक कुणी नाही, किंवा सगळ्याच मालकिणी; म्हणजे भांडायला भरपूर वाव. तरी भांडण कधी रस्त्यावर ऐकू आलं नाही, त्याचं कारण आक्का. इस्त्रीच्या पहिल्या टेबलावर उभी राहायची. बांधा चिमणीएवढा, पण तिला पटल्याशिवाय तिथे साबणसुद्धा बदलत नसे.

आधी त्या हात वर करून ठरवत. गल्ल्यावरच्या बाईंना मी भोंगा म्हणतो (पाठीमागे, मला माझे शर्ट प्यारे आहेत). भोंग्याचा हात वर गेला की बाकीचे हात कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवायचे. आक्काने हे बरेच दिवस पाहिलं आणि एकदा घरून दोन बरण्या घेऊन आली. कपड्यांतून निखळलेल्या बटणांना तिथे तोटा नव्हता, जोडीदार हरवलेल्या मोज्यांनाही नव्हता. दोन्ही बरण्यांच्या तोंडाला तिने पायाकडून कापलेले मोजे ओढले. प्रत्येकीला एक पांढरं बटण, एक काळं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नाही. मोज्यातून मूठ घालून मत एका बरणीत सोडायचं, उरलेलं बटण दुसरीत. आणि कुणी काय टाकलं हे नंतर विचारायचं नाही, सांगायचं तर नाहीच.

"सांगायचं नाही? तुम्ही? सातजणी?" मी त्यांच्या दारातल्या बाकावरून हसलो.

"म्हणून तर तुम्हाला भागीदारीत घेतलं नाही, काका," आक्का म्हणाली.

एकटीने ठरवायचं असेल तर तिची रीत वेगळी. "बारीकसारीक गोष्ट असली की तिघींना विचारावं आणि तिघींचंही ऐकू नये. मोठी असली तर आपण हो म्हणून मोकळ्या झालोय असं समजून झोपावं. सकाळचा चहा कडू लागला, तर नाही म्हणून यावं." लोक पँट द्यायला यायचे आणि पोरीचं स्थळ विचारून जायचे. घरी मात्र तिला पडदे कोणते लावू हेही कुणी विचारत नसे. मुलगा ठरवायचा, सून ठरवायची, दोघांचं फिसकटलं तर नातू ठरवायचा. "तिकडे मी भिंतीवरचं बंद घड्याळ," ती म्हणायची. "काढत नाहीत एवढंच." म्हणून सुट्टीच्या दिवशीही लाँड्रीचं कुलूप ठीक आहे ना ते बघायला यायची.

मग तिच्या हाताला कंप सुटला. आधी एक कॉलर जळली, ती भोंग्याने गिऱ्हाइकाला गोड बोलून पचवली. मग एका वकिलाच्या काळ्या कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा ठसा उमटला. आणि मग गरम इस्त्री तिच्या हातून सुटली ती शेजारच्या टेबलावरच्या, सातजणींतल्या धाकटीच्या मनगटाला चाटून गेली. धाकटी "काही नाही, काही नाही" म्हणत नळाखाली हात धरून उभी राहिली. सोसवेना आणि बोलवेना, अशी सगळ्यांची गत.

शेवटी आक्कानेच बरण्या काढल्या. "मी राहावं का? टाका."

"अहो आक्का, हा काय विषय झाला!" भोंगा म्हणाली.

"विषय आहे. टाका."

मतांची बरणी पालथी केली. सहा काळी, एक पांढरं.

आक्काने बटणं डब्यात भरली, ॲप्रन काढला, त्याची नीट घडी घातली आणि गेली. तिला थांबवायला कुणी उठलं नाही. एखादी उठली असती तर तिचंच पांढरं होतं असं दिसलं असतं ना!

आता खरी मजा. मजा म्हणायची आपली. भोंगा मला कोपऱ्यात गाठून म्हणाली, "काका, कुणाला बोलू नका, पांढरं माझं होतं." संध्याकाळी धाकटी डोळे पुसत तेच सांगून गेली. पुढे एकेक करून उरलेल्या चौघी. एका पांढऱ्या बटणाला सहा आया! आणि सहाही जणी नियम मोडून आक्काच्या घरी जाऊन तेच सांगून आल्या.

मी गेलो तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. मी चिडवलं, "सातवी आई तुम्ही असाल."

"माझं काळं होतं."

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"मला वाटलं, सगळ्या पांढरंच टाकतील. सातही पांढरी निघाली तर ते मत कसलं, तो सत्कार झाला. म्हटलं, एक काळं असू दे, खरं वाटेल." ती हसली. बघवत नव्हतं ते हसणं. "म्हणजे सहांपैकी एक खरं बोलते. कोण ते मला कळायचं नाही. एकीवर विश्वास ठेवायचा तर पाचजणींवर अविश्वास ठेवायला हवा. ते मला जमत नाही."

ही गोष्ट मी पोटात ठेवायला हवी होती, पण माझं पोट तुम्हाला ठाऊकच आहे. ती गोष्ट लाँड्रीत पोचली तशा सगळ्या खजील झाल्या. भोंग्याने लगेच सभा घेतली. "आक्कांना परत आणायचं? हात वर करा!" सहाच्या सहा हात वर. तशाच उठून सगळ्या तिच्या घरी गेल्या, मीही मागोमाग.

"एकमताने ठरलं, आक्का!" भोंगा म्हणाली.

"बरण्या काढल्या होत्या?"

धाकटीने ओढणी मनगटावर ओढून घेतली. जखम अजून ओली होती.

"हात वर केले," धाकटी म्हणाली.

"बरं केलंत," आक्का म्हणाली. तिने सुनेला हाक मारून सगळ्यांना चहा करायला सांगितलं. सगळ्यांनी तो प्यायला. परत येण्याबद्दल ती काही बोलली नाही, आणि त्यांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. उतरताना जिन्यात भोंग्याने सुटकेचा निःश्वास सोडला, तो मी ऐकला.

पहिल्या टेबलावर आता नवी बाई आहे. हात स्थिर, कडक इस्त्री, काही जळत नाही. त्या वकिलाचा कोट मात्र पुन्हा इस्त्रीला आलेला मी पाहिला नाही.

परवा माझी दाढ ठणकत होती. काढावी की ठेवावी, म्हणून मुद्दाम आक्काकडे गेलो. तिला जरा बरं वाटेल, हाही हेतू होता. तिने माझ्या सुजल्या गालाकडे बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टर म्हणतील तसं करा, काका," ती म्हणाली.