साच्यावरचं कुंकू

कार्बन म्हटलं की माझ्या वयाच्या बाईला पावतीपुस्तकात घालायचा तो काळा कागद आठवतो. मलाही तोच आठवला होता. माझी उमेदीची सगळी वर्षं उल्हासनगरात जीन्स शिवण्यात गेली. मग आमचा गाळा बंद पडला, आणि कुणीतरी म्हणालं, अंबरनाथच्या आनंदनगरला एका कारखान्यात कार्बनच्या कापडाचं काम आहे, कात्री चालवणारी बाई पाहिजे. म्हटलं, कापड आहे ना, मग काळं असो नाहीतर गोरं, आपल्याला काय.

आता ते कापड कसं असतं ते सांगते. विणलेलं नसतं बरं का. केसाहून बारीक काळे तंतू, एक थर उभा, एक आडवा, एक तिरका, आणि सगळे मिळून पांढऱ्या बारीक दोऱ्याने शिवलेले. गोधडीच म्हणा ना. पहिल्या दिवशी त्या टाक्यांवरून हात फिरवला तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटलं मला. पण जीन्सची शिवण गेली की पँट गेली, इथे दोऱ्याला तसा मान नाही. तंतू हलू नयेत एवढंच त्याने बघायचं. आत रेझिन, म्हणजे पातळ डिंकासारखं रसायन, शिरून ते दगडासारखं झालं की दोरा असला काय आणि नसला काय.

कापड कापून साच्यात थरावर थर बसवायचे. त्यावर एक सुटं होणारं कापड, मग जाळी, मग वरून प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी. पंप चालू केला की आतली हवा जाते आणि प्लास्टिक असं आवळून बसतं, ओल्या साडीसारखं. मग एका नळीने रेझिन आत सोडायचं. ते ओढलं जातं तसं कापड ओलं, आणखी काळं होत पुढे जातं. ते बघत बसायला मला फार आवडायचं. एवढं एकच आवडायचं म्हणा, बाकी त्या काळ्या भुशाने घरी जाऊनही अंग खाजत राहायचं.

माझ्या शेजारी बदलापूरच्या हेंद्रेपाड्याची एक बाई होती. माझ्याहून बरीच लहान, पदरात दोन मुली, नवरा असून नसल्यासारखा. मला मावशी म्हणायची. तोंडाने तिखट, हाताने हलकी. रेझिनचं काम तिच्याकडे असायचं, काट्यावर मोजून कालवायचं, सोडायचं, सांडलेलं पुसायचं. आणि तेच रेझिन तिला सोसेना. आधी बोटांच्या बेचक्यात पुरळ, मग मनगटापर्यंत, मग भेगा. हातमोजे घालायची, पण आत घामाने आणखी चिडायचं. अंबरनाथ पूर्वेच्या कातडीच्या डॉक्टरने सांगितलं, हे एकदा सोसेनासं झालं की पुन्हा कधी सोसत नाही, काम सोडा.

"डॉक्टरला म्हटलं, सोडते की," ती मला म्हणाली. "उद्यापासनं तुमच्या खुर्चीत बसते, तुम्ही या रेझिन ढवळायला."

"मग काय म्हणाला?"

"हसला मेला. आणि मलम दिलं."

तिला एकच आशा होती. शेठ एका नव्या कामाच्या मागे होते. एक्स-रे काढताना माणूस ज्यावर झोपतो ना, ती लांब फळी. कार्बनची असली की किरणं आरपार जातात, म्हणून डॉक्टर लोकांना तीच लागते. साचा त्या कंपनीनेच पाठवला होता, आरशासारखा गुळगुळीत, वाकलं तर आपलं तोंड दिसावं असा. नमुना पास झाला तर काम कायमचं. मग कोरड्या कापडाचं दुसरं टेबल टाकायचं आणि त्यावर तिला घ्यायचं, असं शेठ सगळ्यांसमोर बोलले होते. कोरडं टेबल म्हणजे कात्री आणि कापड, रेझिनचा थेंबसुद्धा नाही.

"मावशी, ती फळी पास झाली ना, तर पहिला एक्स-रे माझ्या हातांचा काढा," म्हणायची. "बघू तरी आत हाडं उरलीत का."

नमुना द्यायचा होता दसऱ्यानंतर लगेच. म्हणून साच्याला मेण आधीच लावून ठेवलं होतं. ते मेण म्हणजे तव्याला तेल लावतो तसं समजा. लावून, वाळवून, घासून, पुन्हा लावायचं. तेव्हा कुठे घट्ट झालेली फळी साच्यातून सुटते.

आणि आली खंडेनवमी. आमच्याकडे कारखाना कितीही नवा असो, त्या दिवशी हत्याराला कुंकू लागल्याशिवाय राहत नाही. आम्ही कात्र्या मांडल्या, वजनकाटा मांडला, पंपाला झेंडूची माळ घातली, भट्टीच्या दाराला तोरण बांधलं. शेठनी नारळ फोडला. सगळ्याला हळदकुंकू लागलं, आणि साचा तसाच राहिला, झाकलेला.

ती म्हणाली, "अहो, खरा पोट भरणारा तर हा. याला कोरडा ठेवायचा?"

कुणीच नको म्हणालं नाही. का म्हणणार? मलाही ते बरोबरच वाटलं. आमचे सर इंजिनिअर, तेही हात जोडून उभे. तिने झाकण काढलं, हातमोजा उतरवला, कारण मोज्याने कोणी कुंकू लावतं का, आणि त्या भेगाळल्या बोटांनी साच्याच्या मधोमध पाच टिकल्या लावल्या. ओलं कुंकू, ठसठशीत. मग डोकं टेकलं. कोणी नवस बोलावा तसे ओठ हलत होते.

सणानंतर कामाला आलो. सर म्हणाले, कुंकू पुसून घ्या, नाहीतर फळीवर लाल डाग येईल. पाण्याने जाईना, म्हणून थिनरने पुसलं. साचा पुन्हा चकचकीत. मेण तर आधीच लावलेलं, घाई होती, कापड बसवायला घेतलं. थिनरने कुंकवाबरोबर तिथलं मेणही गेलं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. सरांच्याही नाही, माझ्याही नाही.

रेझिन असं छान पसरलं त्या दिवशी, कुठे बुडबुडा नाही, कुठे कोरडं नाही. "सरसर चाललंय बघा," ती म्हणाली, आणि हात काखेत दाबून हसली.

दुसऱ्या दिवशी फळी सुटेना. कडा सुटल्या, मधोमध घट्ट. प्लास्टिकच्या पाचरी ठोकल्या, हवा मारली, चौघांनी जोर लावला. शेवटी कट्ट आवाज होऊन फळी निघाली, ती साच्याचे टवके घेऊनच. आरशाला पाच ठिकाणी खड्डे. लांबून बघितलं तरी कळत होतं, टिकल्या जिथे होत्या तिथेच.

ती बघत उभी राहिली. मी तिच्या पाठीला हात लावला, तर लाकूड.

शेठ आले. वाकून बघितलं. आम्हाला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण शेठ श्रद्धाळू माणूस. म्हणाले, "पूजा में गलती नहीं निकालते. जो हुआ, हो गया." आणि केबिनमध्ये गेले. ओरडले असते ना, तर बरं झालं असतं. ती भांडली असती, रडली असती, काहीतरी झालं असतं. कुणी तिला बोललं नाही, आणि तेच तिला लागलं.

कंपनीने साचा परत नेला. काम दुसरीकडे गेलं. कोरड्या टेबलाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी शेठना म्हटलं, माझं टेबल तिला द्या, मी रेझिन बघते. शेठ म्हणाले, "मावशी, तुमच्या डोळ्यांना काट्यावरचे आकडे तरी दिसतात का?" खरं होतं ते. चुकीच्या मापाचं रेझिन बादलीतच उकळतं, धूर होतो. मी पुन्हा कात्री उचलली. ती पुढे होळीपर्यंत रेझिन ढवळत राहिली, दोन-दोन मोजे घालून. मग चेहऱ्यावरही सूज यायला लागली, डोळे मिटून गेले, तेव्हा सुटलं काम. माझंही नंतर सुटलं. वयच झालं होतं.

गेल्या दसऱ्याला ती बदलापूरहून माझ्याकडे सोनं द्यायला आली. धाकटीला बरोबर आणलं होतं. आपट्याची पानं मुलीच्याच हातात होती, तिने माझ्या हातावर ठेवली. आई पदराखाली हात घेऊन बसलेली. म्हणे, आता हात भांड्याच्या साबणानेही फुटतात. कणीक धाकटीच मळते.

माझं जुनं शिलाई मशीन कोपऱ्यात होतं, कुंकू लावलेलं. तिकडे बघून म्हणाली, "मावशी, ते पुसू नका हां."

"नाही गं पुसत."

"काही काम आहे का तुमच्या बघण्यात? कसलंही. ओलं नसलं म्हणजे झालं."

मी खूप आठवून बघितलं. चहा ठेवला, पुन्हा आठवून बघितलं. कप तिने दोन्ही मनगटांमध्ये धरला, बोटं न लावता, आणि मी काही सांगेन म्हणून माझ्याकडे बघत राहिली.