अर्धा ग्लास होईपर्यंत

आमची वहिनी आता कुणाला "काय झालं?" म्हणून विचारत नाही. दारात उभं राहून कुणी ढसाढसा रडलं तरी "बसा" म्हणते आणि आत निघून जाते. शेजारचे म्हणतात, बाईला शिंगं फुटली. मी तिची नणंद, तेव्हा तिच्याबद्दल गोड बोलणं माझ्या कामात बसत नाही. पण मला खरं माहीत आहे. तिला लाज वाटते, आणि ती लाज काही केल्या जात नाही.

गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीत ती रिसेप्शनला बसायची. शिलाई वाकडी गेलेल्या गाद्या कामगारांना घरी न्यायला मिळत, त्यामुळे आमच्याकडे माणसांपेक्षा गाद्याच जास्त. कुणी पाहुणा आला की दादा विचारायचा, "कुठली देऊ, डावीकडे कलणारी की उजवीकडे?"

वहिनीला चेहरे कळायचे. ट्रकवाला मालाचं चलन घेऊन काउंटरशी आला की हा घरून भांडून आलाय, हे तिला तो तोंड उघडायच्या आधी समजे. पण ती कधी थेट विचारायची नाही. जारमधून ग्लासभर पाणी काढायची, दोन बोटांनी तो ग्लास समोर सरकवायची, मान जराशी कलती करायची आणि माणसाचं अर्धं पाणी पिऊन होईपर्यंत गप्प राहायची. मग म्हणायची, "बोला." आणि माणसं बोलायची. मी चिडवायचे, "वहिनी, तू पोलिसात हवी होतीस. चोर पाणी पितापिताच कबूल झाले असते." दादा म्हणायचा, "मी तर म्हणूनच घरात बाटलीनं पितो."

मग कंपनीत नवे साहेब आले. आवाज कधी चढायचा नाही, शिपायालाही "तुम्ही" म्हणायचे, सगळ्यांची नावं पाठ. त्यांची काचेची केबिन वहिनीच्या काउंटरच्या बरोबर मागे. एका दुपारी ते बाहेर येऊन काउंटरला टेकले आणि म्हणाले, "मघाशी तो गोदामाचा माणूस माझ्याशी बोलताना असं तोंड करत होता. ते काय होतं? राग?"

"नाही साहेब, भीती. त्याची आई दवाखान्यात आहे. रजा मागायला आला होता, पण धीर झाला नाही."

"अच्छा." साहेबांनी मान हलवली. "मला हे कळत नाही. लहानपणापासूनच. समोर कुणी रडायला लागलं की मला एवढंच वाटतं, हे आता किती वेळ चालणार."

आपल्याला गाणं कळत नाही असं एखादा सांगतो ना, तितक्या सहज ते बोलले. वहिनीने घरी येऊन सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला कुणाचं दुःख दिसत नाही! तिला त्याची दया आली. आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडून द्यावा, तशी ती रोज त्याला माणसं समजावून सांगू लागली. संध्याकाळी गर्दी ओसरली की ते विचारायचे, आज कोण आलं होतं, कशानं त्रासलं होतं. ती सांगायची. गोदामवाल्याला रजा मिळाली. कुणाच्या घरी फळांची टोपली गेली. आम्ही घरात हरभऱ्याच्या झाडावर चढलो. "कंपनी आमच्या वहिनीच्या शब्दावर चालते," हे मी भाजीवालीलासुद्धा ऐकवलंय. आज आठवलं की कानशिलं तापतात.

शिलाई खात्यात एक बाई होती, सगळे तिला घड्याळबाई म्हणायचे. ती फाटकातून आत आली की वॉचमन आपलं घड्याळ लावायचा. वयाने वहिनीपेक्षा बरीच मोठी, अंगाने काटकुळी, बोलायला तुसडी. तिच्या नवऱ्याचं अर्धं अंग गेलं, तेव्हा तिने कुणालाही सांगितलं नाही. वहिनीच्या काउंटरवर मात्र अर्धा ग्लास झाला आणि ती बोलली. नवऱ्याला आपणहून कूस बदलता येत नाही, वळवलं नाही की पाठ सोलते, घरात दुसरं कुणी नाही. सकाळी शेजारीण बघते, दुपारनंतर तिलाही जमत नाही.

वहिनीने त्याच संध्याकाळी साहेबांना सांगितलं, "तिला कायमची पहिली पाळी द्या."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे दुपारनंतर त्या घराबाहेर पडूच शकत नाहीत?"

"नाही साहेब."

"कधीच?"

वहिनीला वाटलं, बघा, किती काळजी! पहिली पाळी मिळाली. फाटकाशी घड्याळबाईने वहिनीला मिठी मारली, तिच्यासारख्या बाईने.

पुढे शिलाईची नवी यंत्रं आली आणि खात्यातली माणसं कमी करणार अशी कुणकुण लागली. कामगारांनी ठरवलं, एकालाही काढलं तरी सगळ्यांनी काम बंद करून गेटवर बसायचं. एका सकाळी साहेबांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावायला सुरुवात केली.

वहिनीने मागे वळून पाहिलं तेव्हा खुर्चीत घड्याळबाई होती. साहेबांनी ग्लासात पाणी ओतलं. दोन बोटांनी तो समोर सरकवला. मान जराशी कलती केली आणि तिचं अर्धं पाणी पिऊन होईपर्यंत गप्प राहिले. वहिनी सांगते, "काचेपलीकडे मी मलाच बसलेलं पाहिलं." मग दुसरा आला, मग तिसरी. आत गेलेला प्रत्येक जण कधी ना कधी तिच्या काउंटरवर पाणी प्यालेला होता.

शेवटचा माणूस बाहेर पडल्यावर ती आत गेली. "साहेब, हीच माणसं का?"

विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटलं. "तुम्हीच तर सांगितलंत. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय, त्यांना गेटवर बसायला वेळ नसतो. ही माणसं राजीनाम्यावर सह्या करून गेली की बाकीचे कुणासाठी बसणार? बघा ना, कुणाचा आवाज चढला नाही. उलट दोघींनी माझे आभार मानले. आणि ते पाण्याचं तुमचं फार छान आहे."

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा औषधालाही नव्हता. चांगल्या अवजाराचं कौतुक करावं तसं ते तिचं कौतुक करत होते. मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "हा चेहरा कशाचा? हा मी अजून पाहिला नव्हता."

कुणाच्या चेहऱ्याबद्दल वहिनीने कधी खोटं सांगितलं नव्हतं. "लाजेचा," ती म्हणाली.

"कुणाची लाज?" त्यांना खरंच शिकायचं होतं.

ती वळून बाहेर आली. ते साहेब आता आणखी मोठ्या कंपनीत आहेत. माणसांची त्यांना फार जाण आहे, असं म्हणतात.

सह्या सोमवारी व्हायच्या होत्या. रविवारी सकाळी घड्याळबाई आमच्याकडे आली, नवऱ्यापाशी शेजारणीला बसवून. मी पाणी आणून ठेवलं. तिने ग्लासला हात न लावता वहिनीचाच हात धरला. "अगं, तुझ्या शब्दानंच साहेब इतकं नीट वागला असणार. एवढा मोठा माणूस, पण माझं पाणी पिऊन होईस्तोवर एक अक्षर बोलला नाही. कुणी इतकं थांबतं का गं? माणूस चांगला आहे, माझंच नशीब खोटं."

वहिनी गप्प राहिली असती तर ही बाई दोन भली माणसं मनात घेऊन घरी गेली असती. आतल्या दारातून दादा मानेनेच नको, नको म्हणत होता. खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं.

"ताई," वहिनी उभी राहून म्हणाली, "तुमच्या घरचं त्याला मी सांगितलं. दुपारनंतर तुम्ही बाहेर पडू शकत नाही, हेही मीच. म्हणून तुमचं नाव निघालं. ते पाणी देणंसुद्धा तो माझ्याकडून शिकला. सही करू नका."

घड्याळबाईने हात सोडला. मला वाटलं, आता ही कानाखाली वाजवणार. वाजवली असती तर बरं झालं असतं.

"सही नाही केली, तर गेटवर बसावं लागेल," ती म्हणाली.

"मी बसते ना तुमच्याबरोबर. सोडते मी नोकरी."

"तू बसशील गं. पण नवऱ्याची कूस कोण बदलणार? एखाद दिवसानं भागायचं नाही हे." तिने हसल्यासारखं केलं. "बरोबर ओळखलं त्या साहेबानं मला. मी सही करणार."

वहिनीने खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. घड्याळबाईने मी आणलेला तो ग्लास दोन बोटांनी हळूच तिच्यापुढे सरकवला आणि काही न बोलता थांबली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. बराच वेळ थांबली. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, चपला घातल्या आणि निघून गेली. ग्लास भरलेलाच होता.