अण्णांच्या दोन टोपल्या
बाळांनो, ‘इफ’च्या वाक्यांत तुमचा अजून घोळ होतो, आणि जव्हारसारख्या डोंगरात राहून मला ती कशी येतात, असं तुम्ही विचारलंत. मी ती अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून शिकले. ते संस्थानच्या शाळेत इंग्रजी शिकवत. मुलींची शाळा चौथीला संपे, म्हणून पुढचं सगळं घरी, ओटीवर, सकाळी.

अण्णा पाटीवर दोन टोपल्या काढत. पहिलीत घडू शकणारी वाक्यं: गाडी आली तर आपण खोडाळ्याच्या बाजाराला जाऊ. गाडी येईल किंवा येणार नाही, पण वाट उघडी आहे. दुसरीत नुसती मनातली: हा डोंगर सपाट असता तर जव्हारला आगगाडी आली असती. डोंगर सपाट नाही, होणारही नाही. “जे खरं नाही त्याला इंग्रज भूतकाळाचे कपडे घालतो,” अण्णा सांगत. “कपड्यांना फसू नकोस. गोष्ट कालची नसते, नसलेलीच असते.” मी म्हटलं, आपणही ‘असता’, ‘असती’ म्हणतोच की. ते खूश झाले. ‘तुझी आई असती तर’ हे उदाहरण मात्र त्यांनी कधी दिलं नाही. ती मी लहान असतानाच गेली होती.

त्या उन्हाळ्यात नाशकाहून आत्याचा निरोप आला. पोरीला माझ्याकडे धाडा, इथल्या मुलींच्या शाळेत घालते. पण पावसाआधी धाडा, जूनमध्ये शाळा भरते. मोखाड्यावरून त्र्यंबकला जाणारी बैलगाडीची वाट पाऊस लागला की बंद व्हायची. मी लगेच दोन परकर-पोलकी घडी करून ठेवली.

मोठी आई, म्हणजे अण्णांची आई, अडून बसली. “नाशकाला जाऊन काय कलेक्टर होणार आहे ही? देवीला कौल लाव. ती हो म्हणाली तर मी आड येणार नाही.”

कौलाची रीत अशी: गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवी आणि गाऱ्हाणं घाली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. एका प्रश्नाला वर्षात एकच कौल. अण्णांचा त्यावर विश्वास नव्हता, पण आईचा शब्द मोडवेना. मला हळूच म्हणाले, “पहिल्या टोपलीतलंच वाक्य आहे. निम्मी आशा धरायला हरकत नाही.”

एरवी चाफ्याचं फूल लावत. ते जड, घटकाभरात सुटतं. त्या दिवशी चाफा मिळाला नाही, म्हणून गुरवानं कोरांटीच्या पाकळ्या लावल्या. “पोरीचं जाणं सुखाचं असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे,” तो म्हणाला, आणि आम्ही बसलो.

ऊन चढलं. गाभाऱ्यात भट्टीसारखं होत होतं. पाकळ्या हलेनात. डावी पडली असती तरी चाललं असतं, असं मला वाटायला लागलं.

“देवी विचार करतेय,” मोठी आई म्हणाली.

“आई, वाळून चिकटल्यात त्या. आता काय पडणार?”

“शाळेतल्या पोरांना शिकव. देवीला शिकवू नकोस.”

गुरवानं हात जोडले. “मास्तर, कौल झाला नाही. आता पुढल्या वर्षी.”

“नकार नाही ना दिला?” अण्णांनी विचारलं.

“नकार नाही. होकार पण नाही.”

तिसरंही काही होऊ शकतं, हे अण्णांच्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना ते देवळात डोकावले. कोणती पडली, असं त्यांनी गुरवाला विचारलं. तो म्हणाला, “दोन्ही धुऊन टाकल्या, मास्तर. रोजचं स्नान असतं देवीला.”

पाऊस लागला, वाट बंद झाली. दिवाळीपर्यंत आत्याच्या यजमानांची नाशकाहून दूर बदली झाली. चैत्रात मोठी आई आपण होऊन म्हणाली, “यंदा चाफा भरपूर आलाय. लावायचा का कौल?” पण आता जायचं कुणाकडे? माझं लग्न ठरवायला माणसं येऊ लागली होती.

अण्णांनी शिकवणं थांबवलं नाही. कशासाठी ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. त्या चैत्रातच एकदा त्यांनी पाटीवर नेहमीच्या दोन टोपल्या काढल्या आणि तोंडी वाक्य दिलं: कुठून तरी वाट उघडली तर तू शिकायला जाशील. मी ते दुसऱ्या टोपलीत, नुसत्या मनातल्या वाक्यांत लिहिलं.

इतर वेळी अशी चूक ते लगेच पुसायला लावत. त्या दिवशी त्यांनी पाटी घेतली, वाचली, आणि तशीच माझ्या हातात दिली.