बकऱ्याचं आतडं आणि भेंडीची गोळी

दुष्काळाच्या त्या वर्षी लातुरात पाणी काही साठेना, आमच्या फार्मसी कॉलेजात किस्से मात्र साठत गेले. चार मित्र भेटले की अजून तेच निघतात.

बहुतेक सगळे सुजाताच्या गोळीचे. सुजाता कंधारची, माझी एम.फार्म.ची वर्गमैत्रीण. भेंडीचा चिकट रस आणि चिंचोक्याची पूड मिसळून ती गोळी करायची. गोळी आतड्याला आतून चिकटून बसणार आणि औषध हळूहळू सोडणार. तिला लेक्चररची जागा मिळाली होती, पण त्याच वर्षी पास झाली तरच!

*

प्रयोगाला बकऱ्याचं ताजं आतडं लागे, तेही न धुतलेलं. आतला बुळबुळीत थर गेला तर गोळी चिकटणार कशाला? खाटीक सलीमचाचांनी आठवडाभर मुकाट दिलं. मग राहवेना.

"बेटी, दुष्काळ हाय, मान्य. पण आतडी धुण्याइतकं पाणी माझ्याकडं हाय की!"

*

आमचे गाइड कुलकर्णी सर कट्टर शाकाहारी. आतड्याला ते 'नमुना' म्हणत आणि मार्गदर्शन लॅबच्या दाराबाहेरून करत.

"सर, आत या ना," सुजाता म्हणाली.

"मी तत्त्वतः आतच आहे!"

*

रस काढलेली भेंडी हॉस्टेलच्या मेसला जायची. तिथं पहिल्यांदाच भाजी ताटाला चिकटली नाही. पोरं खूश! आमच्या कॉलेजातल्या संशोधनाचा समाजाला झालेला हा एकमेव उपयोग.

*

शिपाई शेषरावमामा उदगीरचे. कोणतीही अडचण सांगा, उत्तर ठरलेलं. "उदगीर जिल्हा होऊ द्या, मग बघा!"

"मामा, लॅबला पाणी कधी येणार?"

"जिल्हा झाला की."

"अहो, पण कॉलेज लातुरात आहे!"

"म्हणूनच तर रखडून राहिलंय!"

*

चिकटवलेल्या गोळीवर पाण्याची धार सोडायची आणि ती कधी सुटते ते बघायचं, अशी चाचणी. पाणी वाचवायला सरांनी दारातूनच धारेचे थेंब करायला लावले. लगेच सगळ्यांच्याच गोळ्या दिवसभर टिकू लागल्या!

"आकडे फार सुंदर आलेत," सर दारातून म्हणाले.

"सर, पाणीच सोडलं न्हाई तर माझी चप्पलबी आतड्याला चिकटंल!" सुजाता उसळली.

मग तिनं हॉस्टेलातली आपल्या आंघोळीची बादली रोज लॅबला आणली, पाणी शुद्ध केलं आणि चाचणी पूर्ण धारेखाली पुन्हा केली. गोळी टिकली. मला तिचा जाम अभिमान वाटला. सर मात्र म्हणाले, "आधीचेच आकडे जास्त सुंदर होते."

*

आता तोंडी परीक्षा, लॅबमध्येच. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे साक्षात यम. ते प्रश्न विचारू लागले की पोरांना घाम फुटायचा. मागच्या वर्षी दोघांना त्यांनी घरी पाठवलं होतं.

परीक्षकांनी बिनऔषधाची एक गोळी उचलली. "ही भेंडी? आणि ही चिकटणार? धारेखालीसुद्धा? अहो, भेंडी आम्ही रोज खातो!"

आणि टाकली की तोंडात!

गोळीनं जीभ टाळूला चिकटवून टाकली. यम गप्प. गाल हलले, भुवया वर गेल्या, शब्द काही येईना.

"पाणी?" शेषरावमामांनी हळूच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "टँकर संध्याकाळी येतोय, सायेब."

कुलकर्णी सर पहिल्यांदाच लॅबच्या आत आले. "सर, उमेदवाराला काही प्रश्न?"

परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली.

सुजातानं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, खडू घेतला आणि फळ्यावर गोळी चिकटल्याची वेळ लिहिली.