वस्तादांची तलवार तपासायची राहिली

या ब्लॉगवर मी कोकण लिहिलं, हिमाचल लिहिलं, गुडघे बोंबलत असताना चढलेले गडही लिहिले. नगर जिल्ह्यातल्या दोन दिवसांच्या एका प्रवासाबद्दल मात्र आजवर एक ओळ लिहिली नाही. साल १९७३, महिना मार्च. बरोबर कुणी नव्हतं, कॅमेरा नव्हता आणि खरं सांगायचं तर मला जायचंही नव्हतं. सुधाकरने पाठवलं म्हणून गेले.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यात, उसाचा रस तपासण्याच्या कामावर लागला आणि शेजारच्या गावातल्या तालमीत मर्दानी खेळ शिकू लागला. तलवार, पट्टा, फरी-गदगा असं सगळं. फरी म्हणजे चामड्याची छोटी ढाल आणि गदगा म्हणजे चामडं गुंडाळलेली काठी, तलवारीऐवजी शिकताना वापरायची. आई म्हणायची, "रस मोजता मोजता आमचा सुधा सरदार झाला!" सुट्टीला आला की तो स्वयंपाकघरातलं ताट ढाल म्हणून धरायचा आणि माझ्या हातात लाटणं द्यायचा. मी लाटणं उगारलं की आधी ते मागून घ्यायचा, त्यावरून बोट फिरवायचा आणि मगच परत द्यायचा. "अरे, लाटणं आहे ते," मी म्हणायची. तो गंभीरपणे सांगायचा, "ताई, तालमीचा नियम आहे. हत्यार ज्याच्या अंगावर येणार, त्याने ते तपासायचं."

बहात्तरच्या दसऱ्याला त्या गावात, देवळापुढच्या खेळात, वस्तादांच्या तलवारीने सुधाकरच्या उजव्या मनगटाच्या नसा तुटल्या. पुण्यात इस्पितळात दीड महिना काढला. हात राहिला, पण तीन बोटं मिटेनात. तेवीस वर्षांचा मुलगा लहान पोरासारखा पाटी घेऊन डाव्या हाताने अ-आ-इ गिरवत बसायचा, आणि आई तेवढ्यापुरती उठून आत जायची.

मार्चमध्ये तो मला म्हणाला, "ताई, तालमीच्या गावी जाऊन माझी फरी घेऊन ये. आणि वस्तादांना एक निरोप सांग. म्हणावं, चूक माझी होती. मी हात लावून पाहिलं नाही."

"मी पत्र लिहिते की."

"त्यांना वाचता येत नाही. दुसरा कुणी वाचून दाखवेल आणि गावभर होईल. तू तोंडाने सांग."

तुझा हात गेला आणि चूकही तुझीच का, असं मी विचारलं. त्याने फक्त "सांगशील ना?" एवढंच म्हटलं. शाळेतून दोन दिवसांची रजा घेऊन मी निघाले.

शिवाजीनगरहून सकाळी सहाची नगर गाडी. त्या रस्त्यावर आता तुम्ही एसी लावून अडीच तासांत जाता. आमची एस.टी. शिरूरलाच दमली होती. रेडिएटरमध्ये पाणी घालायला ड्रायव्हर तांब्या घेऊन उतरला तर टपरीवाला म्हणाला, "मान्सांना न्हाई, तुज्या गाडीला कुठून देऊ?" शेवटी एका म्हाताऱ्या प्रवाशाने आपली पाण्याची छागल सोडली. सुप्याला आज कारखाने दिसतात. तेव्हा गाडी थांबली की आधी धूळ चढायची आणि मग माणसं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावर बायका खडी फोडत होत्या, डोक्यावरून पदर घेऊन, रांगेने, मैलोन्‌मैल. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने त्यातल्या कुणाला तरी हात केला आणि मला म्हणाली, "माजी जाऊ हाय. कालपतुर मी बी तितंच हुते."

नगरच्या माळीवाडा स्टँडवर गाडी बदलली. तिथे भजी खाल्ली, तिखट आणि गरम, त्या दिवसातली एकमेव चांगली गोष्ट. मनमाडकडे जाणारी गाडी राहुरीमार्गे दुपारी कोल्हारला पोचली. पुलावरून प्रवरा पाहिली. एवढी नावाजलेली नदी, पण त्या वर्षी वाळूत एक ओली रेघ उरली होती.

कोल्हारच्या फाट्यावर चहा मागितला आणि तालमीच्या गावाचा रस्ता विचारला. चहावाल्याने मला निरखलं. "तालमीतल्या त्या पाव्हन्याच्या घरच्या का तुमी?"

"बहीण."

"लई वाईट झालं," तो म्हणाला. मग बशी पुसता पुसता आवाज खाली आणून म्हणाला, "पर एक सांगू का ताई, पाऊस न्हाई, पानी न्हाई. देवीला बी काय तरी पाहिजे हुतं. रगत सांडलं, आता बगा, यंदा पाऊस पडंल."

तो बिचारा माझं सांत्वन करत होता, हे मला आज कळतं. तेव्हा अंगाची लाही झाली. माझ्या भावाच्या तीन बोटांवर यांचा पाऊस पडणार! चहा तसाच ठेवून मी उठले आणि पाटाच्या कडेने तीन मैल चालत सुटले. पाट कोरडा होता. उन्हाने डोकं दुखत होतं आणि मनात वस्तादांना काय काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती. सुधाकरचा निरोप त्यात कुठे बसत नव्हता.

वस्ताद म्हणजे पिळदार मिशा आणि छातीचा कोट, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तालमीच्या उंबऱ्यावर एक किरकोळ अंगाचा, साठीचा माणूस चामड्याच्या ढालीला तेल चोळत बसला होता. मी नाव सांगितल्यावर तो उठला, तेलकट हात धोतराला पुसले आणि मला, त्याच्या निम्म्या वयाच्या मुलीला, वाकून नमस्कार केला. "ही त्येचीच फरी," तो म्हणाला. "चामडं वाळू नये म्हनून तेल लावतो. आठवड्याला लावतो."

वस्तादांच्या बायकोला सगळं गाव मामी म्हणे. मामींनी पाणी दिलं, अर्धा तांब्या, आणि अर्ध्याबद्दल माफी मागितली. मग तालीम दाखवायला नेलं. भिंतीला खुंट्यांवर जाड बंड्या टांगल्या होत्या. पोरं त्यांना चेष्टेने चिलखत म्हणायची. मामी स्वतः शिवत. बाहेरून पोतं, आतून जुनं लुगडं, मध्ये कापूस. डोक्याला तशीच कापसाची टोपी. काठ्यांची टोकं चिंध्यांनी बांधलेली. तलवारींच्या धारा कानशीने गोल केलेल्या, इतक्या की मी तळवा दाबून ओढला तरी ओरखडा उठला नाही. एवढी काळजी बघून माझा राग कमी व्हायला हवा होता. तो वाढला. इतकं सगळं करता, मग माझ्याच भावाच्या वेळी काय झालं होतं तुम्हाला?

कोपऱ्यातली एक टोपली मामींनी पुढे ओढली. कापूस भरलेल्या, नाडीने बांधायच्या पट्ट्या, काठोकाठ. "मनगटासाटी," त्या म्हणाल्या. "बंडीची बाही मनगटाच्या वर थांबती. हात फिरला पाहिजे म्हनून मोकळा ठिवायचे. दसऱ्यापसनं ह्याच शिवतीय."

"पण खेळायला येतंय कोण आता?"

"कुनी न्हाई. येतील की." आणि त्यांनी टोपली परत कोपऱ्यात सरकवली.

मग मी वस्तादांना सरळच विचारलं, सगळ्या तलवारी बोथट होत्या तर ती एक धारेची कशी?

ते भिंतीकडे बघत सांगत गेले. दर दसऱ्याला हत्यारं पूजेआधी साफ करायला एक म्हातारा शिकलगार येई. "त्येला ठावं हुतं. गंज काढायचा, धार काढायची न्हाई. दुष्काळानं त्यो म्हमईकडं गेला. यंदा नवा आला. देवीम्होरं ठिवायचं वस्तादाचं हत्यार, म्हनून त्यानं जीव लावून धार लावली. आमाला काय बोलला न्हाई. बक्षीस मिळंल असं वाटलं असंल त्येला. म्या कुंकवासकट पूजेवरनं उचलली आन थेट मैदानात आलो."

"तुम्ही पाहिली नाही?"

"आपलं हत्यार आपन बगायचं न्हाई. आपला हात आपल्या हत्याराला भुलतो. समोरच्यानं बगायचं."

"मग सुधाकरने का नाही पाहिली? तो तर लाटणंसुद्धा तपासतो!"

वस्तादांनी तेलाची वाटी बाजूला सारली. "त्या दिशी त्यानं सगळ्यांची बघितली. एकेकाच्या पात्यावरनं बोट फिरवलं. मग माझ्याम्होरं आला. वस्तादाच्या हत्याराला शिष्यानं बोट लावायचं न्हाई, पाया पडायचं. माझ्या बापानं घातलेली रीत, म्या चालवली. त्यो वाकला, पाया पडला आन फरी घेऊन हुबा ऱ्हायला." वाटी पुन्हा जवळ ओढत म्हणाले, "घाव जोराचा नव्हता, ताई. रोजचाच हुता."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सुधाकर काय म्हनाला का?"

याच प्रश्नासाठी मला पुण्याहून पाठवलं होतं. वाक्य तोंडात तयार होतं. पण समोर भिंतीवर ती तलवार होती, पात्यावर वाळलेलं कुंकू होतं. मला चहावाला आठवला. पाटीवरचा वाकडा अ आठवला. ज्याचा हात गेला त्याने माफी मागायची आणि ती मी पोचवायची?

"नाही," मी म्हटलं. "काही म्हणाला नाही."

"बरं," वस्ताद म्हणाले आणि पुन्हा फरीला तेल लावू लागले.

रात्री मामींनी रेशनच्या तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची, भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. ती मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. माझ्या ताटात दोन होत्या आणि त्या दोघांत मिळून एक. ते पाहूनही मी बोलले नाही.

सकाळी वस्ताद मला फाट्यापर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. फरी फडक्यात बांधून त्यांनीच धरली होती. तीन मैलांत ते दोनदा थांबले. एकदा म्हणाले, "जेवतो का नीट?" दुसऱ्यांदा नुसतेच माझ्याकडे बघत उभे राहिले. दोन्ही वेळा मला संधी होती. आज विचार करते तर वाटतं, तो म्हातारा मला संधी द्यायलाच तीन मैल उन्हात आला होता.

गाडी आली. मी खिडकीशी बसले. त्यांनी फरी आत दिली आणि गजांना धरून म्हणाले, "त्येला म्हनावं, डाव्या हातानं बी खेळता येतं. ये म्हनावं. शिकवीन. आन म्हनावं, आता आदी माझं हत्यार तपासायचं, मगच पाया पडायचं." कंडक्टरने घंटी दिली.

घरी सुधाकर दारातच उभा होता. फरी छातीशी धरून त्याने विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

मी वस्तादांचा निरोप अगदी शब्दाला शब्द सांगितला. तो मात्र मी पोचवला! सुधाकर कितीतरी दिवसांनी हसला. पाऊस सुरू झाला की जाणार, म्हणाला. रोज संध्याकाळी गच्चीवर डाव्या हातात लाटणं घेऊन फिरवू लागला. पाटी सुटली, कागद आला. मी स्वतःला समजावलं की सगळं ठीक झालं, उरलेलं तो गेला की स्वतःच सांगेल.

पाऊस त्या वर्षी खरंच चांगला पडला. जुलैत गावच्या मास्तरांचं पोस्टकार्ड आलं. वस्ताद चार दिवसांच्या तापात गेले होते. खाली एक ओळ होती: "बहीण आली तेव्हा निरोप नव्हता, आता तरी पुण्याहून काही आला का, असे आजारात वारंवार विचारीत होते."

मी शाळेतून आले तेव्हा ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवलेलं होतं. सुधाकरने ते आधी वाचलं होतं. मी त्याच्या खोलीत गेले. तो खिडकीशी बसला होता. मी "सुधा" म्हटलं, तर तो म्हणाला, "चहा ठेवतेस का?" मी चहा ठेवला. त्यानंतर आम्ही चव्वेचाळीस वर्षं भाऊ-बहीण म्हणून छान राहिलो, भांडलो, दिवाळ्या केल्या, त्याचं लग्न झालं. त्याने मला त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तो गेल्यावर त्याच्या मुलीने फरी माझ्याकडे आणून दिली. आठवड्याला मी तिला तेल लावते. हल्ली पुण्यातही मुलं-मुली हौसेने हे खेळ शिकतात, फायबरच्या ढाली, चेहऱ्याला जाळी, सगळं छान असतं. मला कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते, समोरच्याचं हत्यार हात लावून पाहा, आणि शिकवणाऱ्याचं सगळ्यात आधी. पुढच्या महिन्यात भाचीबरोबर कोल्हारला आणि तिथून त्या गावी जाते आहे. तालमीच्या जागी आता काय असेल कोण जाणे. जे काही असेल त्याच्यापुढे उभी राहून मला दोन वाक्यं बोलायची आहेत, आणि गुडघ्यांचा भरवसा नाही म्हणून ती इथेही लिहून ठेवते.

वस्ताद, सुधाकर म्हणाला होता, चूक माझी. मी हात लावून पाहिलं नाही.