अब्बांच्या गालिच्यावरचा दिवाण

श्रीरामपूरकरांनो, घरात लोकरीचा जुना गालिचा असेल तर आजच उचलून बघा.

आमच्या अब्बांचा बुखारी गालिचा होता, एकेक गाठ हातानं मारलेला. त्याच्या एका कोपऱ्यावर ते रोज नमाज पढायचे. ते गेल्यावर अम्मीनं बजावलं, तिथं कुणी पाय द्यायचा नाही. वर दिवाणच ठेवून दिला.

आज रंगकामासाठी दिवाण सरकवला. खालची सगळी लोकर कसरीनं खाल्लेली, उरलेत नुसते दोरे. आणि बाहेरचा भाग, जिथं पोरं लोळतात, चहा सांडतात, तो धडधाकट! अब्बांचा कोपरा न वापरल्यानंच खाल्ला गेला.

अम्मीनं बघितलं. रडली नाही. म्हणाली, “दिवाण होता तिथंच ठेवा. कुणी पाय देऊ नका.”

दिवाण अजून दारात आहे. सांगा, ठेवू?